पानाताईंच्या टेबलाची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. माझी गोष्ट एकोणीसशे शहाऐंशी सालची. तेव्हा टीव्ही घरोघरी नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे रविवारी संध्याकाळी शेजारपाजारची माणसे दाटीवाटीने येऊन बसत, आणि पडद्यावर मुंग्या आल्या की कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत असे.

तीन रुंद तुकडे जोडून सुतारमामांनी मला घडवले. माझ्या कडा घासताना ते म्हणाले होते की तुझे नशीब थोर, तू टीव्हीवर जाणार. मी हरखून गेले. काम काय ते नंतर कळले. स्टुडिओतल्या एका टेबलाच्या दर्शनी बाजूला मला स्क्रूंनी बसवले, वरच्या कडेपासून थेट जमिनीपर्यंत. माझ्यामागचे काही म्हणून दिसता कामा नये, अशी निर्मातेसाहेबांची ताकीद होती.

माझ्यामागे पानाताई बसत. घरातल्या बिघडलेल्या वस्तू कशा दुरुस्त कराव्यात, हे त्या दर रविवारी दाखवत. छत्रीची तार, इस्त्रीची वायर, गळका नळ, काहीही. हातात सदान्‌कदा पाना असे, म्हणून कॅमेरावाल्या काकांनी त्यांचे नाव पानाताई पाडले आणि लोकांनी ते उचलले. लहानपणी पोलिओ झाल्यापासून त्या चाकांच्या खुर्चीत वावरत. लोकांना मात्र हे ठाऊक नव्हते, कारण मध्ये मी होते.

साहेब मनाने वाईट नव्हते, नुसते भित्रे होते. खुर्ची दिसली तर लोकांना बघवणार नाही, ते टीव्ही बंद करतील, असे त्यांना वाटे. पानाताईंची ही पहिलीच नोकरी. त्या हसून म्हणाल्या, "बरं, मला नका दाखवू. इस्त्री तेवढी नीट दाखवा."

पण त्या दिवशी खुर्चीचा ब्रेक लावताना त्यांनी मला आतून एक टिचकी मारली आणि हळूच म्हणाल्या, "कधीतरी बाजूला हो गं बये."

माझे दिवस तसे मजेत जात होते. कार्यक्रमाचे कौतुक होई आणि मला वाटे, त्यातले थोडे माझेही असणार. चहाच्या वेळी पानाताई बाजारातले किस्से सांगत. एकदा भाजीच्या दुकानात दोन बायका अगदी त्यांच्या शेजारी उभ्या राहून त्यांच्याविषयीच बोलत होत्या. पानाताई किती उंच असतील, यावर त्यांचा वाद जुंपला होता. खुर्चीतल्या पानाताईंकडे एकीनेही खाली वळून पाहिले नाही. यांनी कांदे निवडता निवडता सांगून टाकले की पानाताई फार उंच नसाव्यात, बेताच्याच असतील. त्यावर एक बाई फणकाऱ्याने म्हणाली, "तुम्हाला काय माहीत? टीव्ही आहे का घरी?"

स्टुडिओच्या दाराला पायऱ्या दोन. दर रविवारी पानाताईंचे वडील आणि दरवान मिळून खुर्ची उचलून आत आणत. वडील थकत चालले होते. पानाताईंनी साहेबांकडे बरेचदा विषय काढला, पण साहेबांचे उत्तर ठरलेले असे. दोनच तर पायऱ्या आहेत.

आणि एका रविवारी वडिलांची कंबर धरली. कसेबसे त्यांनी लेकीला गाडीतून दारापर्यंत आणले, पुढे त्यांना वाकताही येईना. कार्यक्रम थेट प्रक्षेपणाचा, सुरू व्हायला वीस मिनिटे. साहेब घामाघूम होऊन बाहेर धावले आणि म्हणाले की आम्ही चौघे मिळून उचलतो. पानाताईंनी साफ नकार दिला.

"कॉलेजात एकदा चौघांनी उचललं होतं," त्या म्हणाल्या. "त्यातल्या एकाला शिंक आली."

मग त्यांनी पिशवीतून आपला स्क्रूड्रायव्हर काढला आणि कॅमेरावाल्या काकांच्या हाती देऊन सांगितले, "काका, टेबलाची फळी सोडवून आणा."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पण दुसरा इलाज नव्हता. काकांनी माझे स्क्रू काढले, त्यांनी आणि दरवानाने मला बाहेर आणले आणि पायऱ्यांवर तिरके टेकवले. टाय लोंबणाऱ्या साहेबांनी आणि काकांनी मागून जोर लावला, आणि पानाताई माझ्या पाठीवरून दिमाखात वर गेल्या. मित्रांनो, मी थोडी करकरले खरी, पण वाकले नाही.

मला परत बसवायला वेळ उरला नव्हता. आतले मला पुढे काकांकडून कळले. साहेब काकांना विनवत होते की नुसते हात दाखवा, अगदी जवळून घ्या. काका पानाताईंकडे पाहत राहिले. आता त्यांनाच ठरवायचे होते. साहेबांचे म्हणणे खरे ठरले असते, तर कार्यक्रमही गेला असता आणि नोकरीही. त्यांनी खुर्चीचा ब्रेक लावला. मग म्हणाल्या, "काका, मागे घ्या कॅमेरा. आणखी मागे."

लाल दिवा लागला. पानाताईंनी नेहमीसारखा नमस्कार केला. "आमच्या दाराला दोनच पायऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "आज या टेबलाची फळी त्या पायऱ्यांवर टाकली, म्हणून मी आत आले आणि म्हणून तुम्हाला माझी चाकं दिसताहेत. असो. आज कुकरची शिट्टी का वाजत नाही ते बघू."

कुणीही टीव्ही बंद केला नाही. एका गृहस्थांनी जेवताना असले दाखवू नका, असा फोन केला. बाकी फोन होते ते कुकरच्या शिट्टीचे. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने मात्र विचारले की आमच्याही शाळेला दोनच पायऱ्या आहेत, ती फळी कुठे मिळते?

तिथून पानाताईंची मोहीम सुरू झाली. पोस्ट, वाचनालय, दवाखाना, थिएटर. जिथे जिथे 'दोनच तर पायऱ्या' असत, तिथे त्या कॅमेरा घेऊन जात, सुतारमामा मला टाकत, आणि खुर्ची आत. इतके दिवस लपवायचे काम करणारी मी, आता स्वतःच पडद्यावर झळकू लागले. हळूहळू दारोदारी सिमेंटचे उतार झाले आणि माझी गरज संपली. मग बरीच वर्षे मी रंगाच्या डब्यांखाली अडगळीत पडून होते. त्याविषयी फार बोलत नाही. शेवटी सुतारमामांनी मला घासूनपुसून, खाली टेकू देऊन, एका छोट्या वाचनालयाच्या दाराशी, पायऱ्यांच्या एका बाजूला, कायमचे बसवले.

सुतारमामा आता नाहीत. पानाताईंचे वडीलही गेले, पण लेकीला स्वतःच्या हाताने चाके फिरवत स्टुडिओत शिरताना पाहून गेले. कॅमेरावाले काका मुलीकडे राहतात आणि नातवंडांचे फोटो काढतात, तेही फार जवळून. साहेबांचे गुडघे गेले. ते काठी टेकत वाचनालयात येतात, माझ्यावरूनच. पायऱ्यांकडे बघतही नाहीत.

पानाताईंचे केस पिकले. नव्या इमारतींचे नकाशे आधी त्यांच्याकडे तपासायला येतात. मागच्या महिन्यात त्या इथे आल्या, तर माझ्यावर कुंड्यांची रांग. नव्या ग्रंथपालांनी हौसेने मांडली होती. मित्रांनो, माझ्यावर सायकली लावू नका, खोकी ठेवू नका, कुणीतरी येणार असते, हे मला कधीचे सांगायचे होते. पण ते माझ्यापेक्षा पानाताईंनीच बरे सांगितले. त्यांनी एका फुलाचा वास घेतला, मला तीच जुनी टिचकी मारली आणि ग्रंथपालांना म्हणाल्या, "कुंड्या फार छान आहेत हो. पायऱ्यांवर ठेवा."