गिऱ्हाईक झोपलंय

आमच्या गादीच्या दुकानाचा एक नियम आहे. तो आमच्या ह्यांनी घातलाय, म्हणजे तो धंद्याच्या मुळावर येणार हे ओघानंच आलं. गिऱ्हाईकानं गादीवर हवा तेवढा वेळ आडवं व्हायचं, आणि डोळा लागला तर त्याला उठवायचं नाही. त्यामुळे दुपारी आमच्याकडे खरेदी कमी आणि घोरणं जास्त चालतं. समोरच्या बँकेतला शिपाई तर जेवणाची सुट्टी आमच्याच दुकानात काढतो. त्यानं आजवर साधी उशीसुद्धा घेतलेली नाही.

हे गाद्या भरतात छान, टाके तर मशीनला लाजवतील असे घालतात. पण विकायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. कुणी विचारलं, "कशी आहे हो गादी?" तर म्हणतात, "झोपून बघा." संपलं. मी म्हणते, अहो, दोन शब्द गोड बोलायला काय जातं? तर म्हणतात, "गादीबद्दल बोलायचं काय?"

धंदा असा पेंगत चाललेला असताना भाऊजींनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावानं, निर्वाणीचं सांगितलं. भाऊजींचं गोदाम मोठं आहे आणि आवाज गोदामाहून मोठा. "महिनाअखेरपर्यंत एक मोठी ऑर्डर आणून दाखव. नाहीतर शटर ओढ आणि माझ्याकडे ये, माल उतरवून घ्यायला!" हे मान खाली घालून "बरं दादा" म्हणाले. दादापुढे ह्यांनी जन्मात दुसरा शब्द काढलेला नाही. हा माणूस हातात सुई नसताना कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं, आणि बघायचंही नव्हतं.

मग मी पदर खोचला. नवउद्योजकांच्या शिबिराला जाऊन आले. तिथल्या टायवाल्या गुरुजींनी सांगितलं, गिऱ्हाईकाला विचार करायला उसंत द्यायची नाही, बोलत राहायचं. एवढं तर मला उपजतच येत होतं. भाषण तयार केलं आणि भांडी घासता घासता पाठ केलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी एका नव्या हॉटेलचे मॅनेजर आले. झाडून सगळ्या खोल्यांसाठी गाद्या घ्यायच्या होत्या. डोळे तांबारलेले, चेहरा ओढलेला, हातात सारखा वाजणारा फोन. म्हणाले, "घाईत आहे. इथून त्या मोठ्या शोरूमला जायचंय, मग काय ते ठरवीन."

ह्यांनी गादीकडे बोट दाखवलं. "झोपून बघा."

मॅनेजर बूट काढून आडवे झाले. मी घसा साफ केला. "साहेब, माणसाच्या आयुष्याचा एक तृतीयांश भाग..."

साहेब घोरायला लागले. गादीमुळे की माझ्यामुळे, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

"अहो, उठवा त्यांना," मी कुजबुजले. "मुख्य मुद्दे राहिलेत माझे!"

"नियम आहे," हे म्हणाले.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यावर शोरूमचं नाव ठळक दिसत होतं. ह्यांनी फोन अलगद उचलला आणि पिंजलेल्या कापसाच्या ढिगात खुपसला. म्हटलं, चला, अखेर ह्यांना धंदा कळला! पण कसलं काय, ह्यांनी नाव वाचलंच नव्हतं. "किती दमलाय बिचारा," म्हणाले आणि पंखा थोडा कमी केला.

शेजारच्या ग्रिलवाल्यानं हातोडा सुरू केला तेव्हा मीच धावत गेले आणि त्याच्या हातापाया पडले. ज्या नियमाच्या नावानं मी रोज बोटं मोडायचे, त्याच्याच राखणीला उभी राहिले. दुसरं करते काय? साहेब चिडून उठले असते तर दुकानच गेलं असतं.

संध्याकाळी भाऊजी आले. नेहमीप्रमाणे आधी आवाज आत आला. "काय रे, आली का ऑर्डर?"

"शू!" ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "दादा, हळू. गिऱ्हाईक झोपलंय."

भाऊजींना आजवर कुणी "शू" केलं नसावं. ते बघतच राहिले. मग कसंबसं कुजबुजले, "घोरतंय ते? ह्याला धंदा म्हणतात?"

"हो."

"ऑर्डर दिली त्यानं?"

"नाही."

"मग उद्यापासून गोदामात ये."

हे वाकले आणि साहेबांच्या पायावरून घसरलेली चादर सारखी केली. मग वळून, आवाज जराही न चढवता म्हणाले, "नाही येणार, दादा."

"आणि ह्यानं काहीच घेतलं नाही तर?"

"तर दुसरा कुणीतरी दमलेला येईल."

इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्यांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. वहाणा वाजू नयेत म्हणून हातात घेऊन भाऊजी चवड्यांवर चालत बाहेर पडले.

रात्री उशिरा साहेब दचकून उठले. "फोन कुठाय?" ह्यांनी तो कापसातून काढून दिला. शोरूम केव्हाच बंद झालं होतं. साहेब भडकले. "मला उठवलं का नाही?"

"तुम्हाला झोप लागली होती," हे म्हणाले.

साहेब पुन्हा गादीच्या काठावर टेकले. म्हणाले, "हॉटेल उघडायचं ठरल्यापासून डोळ्याला डोळा नाही हो माझ्या." मग तळव्यानं गादी दाबून पाहिली. "ह्याच द्या. सगळ्या खोल्यांना."

बुटाच्या नाड्या बांधता बांधता त्यांना आठवलं. "ताई, तुम्ही मघाशी काहीतरी सांगत होतात?"

अख्खं भाषण माझ्या जिभेवर उभं होतं. हे माझ्याकडे बघत होते.

"काही नाही," मी म्हणाले. "झोप झाली ना नीट?"