गटारमुक्त गावातली सही

बौद्धवस्तीच्या हापशावर गिरिजाबाई बाटली भरत होत्या. पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या पाच बायांपैकी त्या एक. तपासणीच्या बाटलीतल्या औषधाने पाणी काळं पडलं तर ते पिण्याजोगं नाही, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. दुसऱ्याच दिवशी ते डांबरासारखं काळं झालं.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. हापशाच्या वरच्या अंगाला एक आटलेला बोर होता आणि पंचायतीने गावाची सगळी गटारं पाइप टाकून त्यात सोडली होती. घाण डोळ्यांआड झाली, गाव गटारमुक्त झालं, बक्षिसासाठी नावही गेलं. जमिनीच्या पोटात ती घाण कुठे जाते, हे कुणी विचारलं नाही. खालच्या अंगाला वस्तीच तर होती, विचारायचं कशाला?

सरपंच साहेबराव गोड बोलले. "गिरिजाबाई, गावाचं नाव कामून खराब करून राह्यल्या? बाटलीत जारचं पाणी भरा अन् पाणी चांगलं हाय म्हणून टाका सही. बक्षीस आलं की विहाराला कंपाउंड बांधून देतो, बिलकुल पहिलं काम."

त्या कंपाउंडसाठी गिरिजाबाई सात वर्षं पंचायतीत खेटे घालत होत्या. त्यांनी जारचं पाणी भरलं आणि सही केली.

पुढच्या महिन्यात त्यांची लेक पायल राजूरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. रीतच ती. आई तिचे डोहाळे पुरवत होती आणि पाणी त्याच हापशाचं पाजत होती. आपण सारे पितोच की, अशी गिरिजाबाईंनी मनाची समजूत घातली. आठव्या महिन्यात पायलचे डोळे पिवळे झाले. दूषित पाण्याची कावीळ, डॉक्टर म्हणाले, गरोदर बाईला फार वाईट. चौथ्या दिवशी पायल गेली, पोटातलं बाळही गेलं.

महिना झाला नाही तोच साहेबराव नवा कागद घेऊन दारात उभे. बक्षिसाची समिती येणार होती.

"झालं ते वाईटच झालं. पण सही तेवढी जल्दी करा."

"मागची सही केली अन् लेक गेली," गिरिजाबाई म्हणाल्या. "तिच्या मरणात माझा हात हाय, हे मी समितीला सांगनार. तुमचा किती, ते बी सांगनार."

"मंग हापसाच बंद करतो. दुसरीकडून भरा पाणी."

"अन् बोर?"

साहेबराव कागद खिशात घालून निघून गेले.

त्याच दुपारी वस्तीतल्या बायांनी गटाराच्या पाइपात मातीची पोती कोंबली. गटार तुंबलं, घाण पंचायतीच्या दारापर्यंत आली. तासाभरात जेसीबी हजर झाला. पायलला दवाखान्यात न्यायला अर्धा दिवस गाडी मिळाली नव्हती.

गिरिजाबाई पोत्यांवर बसून होत्या.

"उठा," साहेबराव नाकाला रुमाल लावून म्हणाले. "साऱ्या गावात वास सुटला."

"आमी वरीसभर पेलो हे, सरपंच. तुमाला नुसता वास आला तं जेसीबी आनला?"

साहेबरावांनी ड्रायव्हरला खूण केली. गिरिजाबाई उठल्या नाहीत.