सूचक सरजाबाई

निंबगव्हाणची ग्रामपंचायत मी तीन वर्षं चालवली आणि तेवढ्या काळात एकही सभा घेतली नाही. फुशारकी नाही मारत, आता पेन्शनीत आहे म्हणून सांगतो. गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. चुडाव्याच्या स्टेशनावरून दोन कोस चाललं की हे गाव लागायचं, आणि तिथला ग्रामसेवक मी.

मेंबर सात. कुणी शेतात, कुणी बाजारात, दोघं तर एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. मग मी प्रोसिडिंगचं बुक बगलेत मारून घरोघर फिरायचो आणि येत्या चार महिन्यांच्या कोऱ्या पानांवर सह्या-अंगठे एकदाच उरकून घ्यायचो. ठराव मागाहून, सवडीनं, वरच्या रिकाम्या जागेत लिहायचे. अडचण एकच होती. ठराव मांडणाऱ्याचं, म्हणजे सूचकाचं, नाव घालावं लागे. एकाचं घातलं की दुसरा विचारी, माझं का नाही? म्हणून मी सरसकट सरजाबाईचं घालायचो. ती बायकांच्या जागेवरची मेंबर, बौद्धवाड्यातली, रोजानं निंदायला जाणारी. तिला वाचता येत नाही, ती काही भांडायला येणार नाही, असा माझा हिशोब. नीच हिशोब होता.

त्या पावसाळ्यात वरून हुकूम आला, शंभर झाडं लावा. सरपंच व्यंकटरावांनी खड्डे शंभर खणवले आणि रोपं लावली पाच. बाकीची चावडीमागं मोळीतच वाळून गेली. मग निरोप आला की बुधवारी साहेब पाहणीला येणार. व्यंकटरावांना घास गिळवेना. पण सोमवारी सकाळी सरजाबाईच्या शेळीनं दावं तोडलं आणि त्या पाचांतली दोन रोपं खाल्ली, तेव्हा सरपंचांचा चेहरा असा उजळला, जणू घरात मुलगा झाला.

"कोंडवाड्यात घाला तिला," ते म्हणाले. "सायब येईपर्यंत सोडायची न्हाई. शंभरच्या शंभर हिनंच खाल्ली. सबूत हाय ती!"

मी लगेच एका कोऱ्या पानावर तसा ठराव लिहून टाकला.

मंगळवारी सकाळी सरजाबाई चावडीवर आली. पदरात दोन करडं, दोन्ही ओरडून ओरडून बसलेल्या आवाजाची.

"पाटील, शेळी सोडा. ही लेकरं कालपासून उपाशी हायेत. आजचा दीस काढत न्हाईत."

"माज्या हातात काय हाय, सरजे?" व्यंकटराव पान लावत म्हणाले. "ठराव झालाय. वाचून दावा हो, भाऊसाहेब."

मीही असा दिवटा, की सवयीनं खालपर्यंत वाचत गेलो. "सदर शेळीने पंचायतीची शंभर रोपे खाल्ली असून साहेबांची पाहणी होईपर्यंत तिला सोडू नये. सूचक, सरजाबाई."



"म्या?" सरजाबाई म्हणाली. "माज्या शेळीनं शंभर झाडं खाल्ली, आसं म्याच म्हणलं?"

मी मान खाली घातली.

"आनखी काय काय म्हणले म्या?"

मी पानं उलटू लागलो. घरपट्टी वाढवावी, सूचक सरजाबाई. सरपंचांच्या मळ्याकडं जाणारा रस्ता करावा, सूचक सरजाबाई. सरपंचांचं अभिनंदन करावं, सूचक सरजाबाई.

"ह्यांचं अभिनंदन बी म्याच केलं?"

"तीनदा," मी म्हणालो.

ती जराशी हसली. मग विचारलं, "आन् आमच्या वस्तीवरच्या हातपंपाचं? आमी वड्याचं पानी प्यायलोत. त्याचं काई म्हणले का न्हाई?"

"नाही."

"तीन वरसं बोलले आन् तेवढंच न्हाई बोलले व्हय," ती म्हणाली. ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात तिची नजर बुकाच्या पुढच्या पानावर गेली. "ह्यो अंगठा माजाच की. वर तर काईच लिवलेलं न्हाई."

"ते पुढच्या सभेचं."

"आन् ही सई?"

"सरपंचांची. सगळ्यांच्या आहेत."

सरजाबाईनं करडं खाली ठेवली आणि भुईवर ऐसपैस बसली. "मंग सभा झालीच म्हना. घ्या लिवून. शेळी आत्ताच्या आत्ता सोडावी."

"खबरदार लिवलं तर!" व्यंकटराव उठले.

पण मी लिहिलं. आयुष्यात तेवढाच एक ठराव मी सूचकानं सांगितला म्हणून लिहिला.

"आता दुसरा," सरजाबाई म्हणाली. मी दोनचा आकडा घातला. "पंचायतीनं रोपं किती लावली..."

व्यंकटरावांनी बुकाकडं पाहिलं. पानांवर छापील नंबर, फाडायची सोय नाही. सही खोटी म्हणावी, तर तीन वर्षांच्या सगळ्याच सह्या खोट्या, आणि साहेब उद्यावर येऊन ठेपलेले. कमरेची कोंडवाड्याची किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढं टाकली.

"थांबा सरजाबाई," ते म्हणाले. सरजेची सरजाबाई झाली होती.

"थांबते की. पर भाऊसाहेबांनी दोनचा आकडा घातलाय, तो वाया कामून घालवायचा? तितं हातपंप लिवा."

व्यंकटराव खाली बसले आणि मला म्हणाले, "लिवा बाबा."

शेळी सुटली ती थेट चावडीवर करडांकडं आली. करडं अशी तुटून पडली, की तिला चावडीची पायरीही उतरू देईनात.

बुधवारी साहेब आले. रिकामे खड्डे पाहून त्यांनी आम्हां दोघांना भरपूर झाडलं. मग बुक चाळता चाळता एकदम खूश झाले. "ही सरजाबाई कोण? सगळे ठराव हीच मांडते! बोलवा सगळ्यांना, सभा माझ्यासमोर होऊ द्या."

कोतवालानं सगळ्यांना शेतातून, बाजारातून धरून आणलं. सातही मेंबर पहिल्यांदा एका सतरंजीवर बसले. मी हजेरी घेऊ लागलो. जो तो दबक्या आवाजात "हजर" म्हणत गेला.

"सरजाबाई?"

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं.

"आज हाय," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून तसंच लिहिलं.