चेंडूचे खाचर

"सुट्या काटक्या कोणीही मोडील; परंतु मोळी कोणाच्यानेही मोडवत नाही!" असे म्हणून राजमाचीकर वकिलांनी जमलेल्या मंडळींवरून दृष्टी फिरवली, आणि लोणावळ्याच्या वाचनालयाचा तो लहानसा दिवाणखाना टाळ्यांनी भरून गेला.

टाळ्या ओसरल्या तेव्हा दाराशी, वहाणा हातात धरून उभा असलेला एक मनुष्य खाकरला.

"मोळी मोडत न्हाई, हे खरं हाय, वकीलसाहेब," तो म्हणाला, "पन मोळी बांधत्यात ती चुलीत घालायलाच. रान म्हंत्यात ते सुट्या झाडांचं."

दोघे-तिघे हसले, वकिलांचा चेहरा मात्र किंचित उतरला. बोलणारा मनुष्य म्हणजे वडिवळ्याचा कोंडाजी. धंद्याने शेतकरी, परंतु पंचक्रोशीत 'चेंडूवाला' याच नावाने परिचित. जर्मन लढाईच्या काळी तो खेचरांच्या पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेला होता. तेथून परतताना इतरांनी घोंगड्या, घड्याळे आणली. याने एका गोऱ्या शिपायाकडून फुटबॉल मागून आणला. त्या चेंडूने वडिवळ्याच्या पोरांना वेड लावले ते कायमचे.

आजच्या सभेचा विषय सरळ होता. रेल्वेच्या चाळीतील पोरांचा एक संघ, बाजारपेठेचा दुसरा, खंडाळ्याच्या बंगल्यांतील नोकरमंडळींचा तिसरा आणि वडिवळ्याचा चौथा, असे चार संघ मोडून त्यांचे एकच मंडळ करावयाचे. एक नाव, एक पोशाख, एक मैदान. तिघांनी मान्यता दिली होती.

"कोंडाजी, आम्ही काय तुमचे वैरी आहोत?" वकील समजुतीच्या सुरात म्हणाले. "पोरांना बूट मिळतील. पुण्याला सामने होतील. ज्याचा खेळ चांगला, त्याला एखाद्या कारखान्यात चिकटवून देऊ. यात वाईट काय आहे?"

"वाईट काय बी न्हाई, साहेब. सामने कवा धरनार?"

"आषाढ-श्रावणात. पुण्यामुंबईस फुटबॉलचा मोसम तोच आहे."

"आषाढात आमची पोरं चिखलातच असत्यात. पन त्यांच्या हातात भाताची रोपं असत्यात. आवणी टाकून ती हितं खेळाया आली, तर तुमी दिवाळीला काय खानार?"

"आम्ही पाव खाऊ!" खंडाळ्याच्या एका बंगल्यावरचा खानसामा मागून ओरडला, आणि पुन्हा हशा पिकला.

"खावा की. आन उरला तर त्याच्यासंगंच खेळा."

या उत्तराने हशा दुप्पट झाला. परंतु वकील हसले नाहीत. ते वस्तुतः दुष्ट गृहस्थ नव्हते. चार गावची पोरे एका पोशाखात पाहावी, एवढाच त्यांचा ध्यास होता, आणि ध्यास घेतलेल्या मनुष्याला अडथळा सोसवत नाही.

"बहुमत झाले आहे," ते म्हणाले. "जो संघ बाहेर राहील, त्याच्याशी मंडळातील कोणीही खेळणार नाही. मग तुम्ही खेळणार तरी कोणाशी?"

 कोंडाजीने वहाणा खाली टाकल्या, पाय सरकवले आणि उंबऱ्याबाहेरून म्हटले, "ते आमचं आमी बघू. नाव मातर लिवू नका. आमी दिल्यालंच न्हाई."

कामशेत स्टेशनपासून वडिवळ्यापर्यंत ताजुद्दीनचा टांगा होता. ताजुद्दीन वडिवळ्याचाच, टांगा हाकी आणि भातही लावी. त्याच्या शेजारी कोंडाजी बसला, आणि मागच्या बाजूला त्याचा पुतण्या सोपान. सोपान हा संघाचा सर्वोत्तम खेळाडू. डाव्या कडेने तो चेंडू घेऊन निघाला की बघे बांधावरून उठून उभे राहत.

"भाऊ, वकिलाला तोंडावर बोल्लास म्हनं," ताजुद्दीन म्हणाला. "आता तुजी जमीन गेली, तर केस कोन लडवनार?"

"तुजं घोडं लडवंल. त्याला बी तुज्यावानी लय बोलायची सवय हाय."

"माजं घोडं इमानी हाय बाबा. गेल्या साली चेंडूसाठी माजं खाचर मोकळं ठेवायची पाळी आली, हरबऱ्यावर पानी सोडलं, तरी त्यानं एका शब्दानं तक्रार केली न्हाई. चंदीचा दाना कमी पडला, तरी."

हसता हसता दोघेही थांबले, कारण सोपान एकदाही हसला नव्हता. घाटाकडचा गार वारा सुटला होता. सोपान म्हणाला, "आबा, वकीलसाहेब मला बोल्लं. पुण्याला कारखान्यात जागा हाय. त्यांच्याकडनं खेळायचं."

कोंडाजीने मागे वळून पाहिले नाही. "मग तू काय बोल्लास?"

"इचारून सांगतो म्हनलं."

"आता मला इचारतोस, का सांगतोस?"

सोपान मागे पडणाऱ्या रस्त्याकडे पाहू लागला. टांग्याच्या चाकांखाली दगड कुरकुरत होते.

वडिवळ्याची एक रीत होती, ती अन्यत्र कोठे आढळत नसे. भात निघाले की जमिनीत ओल असते, तोवर सारे गाव मसूर, हरभरा पेरून घेई. परंतु दरसाल एका घराने आपले एक मोठे खाचर मोकळे ठेवायचे. त्यात रात्री गुरे बसवून ढेकळे तुडवून घ्यायची, आणि दोन्ही टोकांस गोलाचे दोन-दोन बांबू रोवायचे. त्याला म्हणत चेंडूचे खाचर. पाळी घरोघर फिरे. गावात घड्याळ नव्हते. संध्याकाळी पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी कामशेतावरून ऐकू आली की अर्धा खेळ झाला असे समजून बाजू बदलीत.

या रीतीचा आरंभ दुःखात झाला होता. कोंडाजी लढाईवरून परतला तेव्हा मानमोडीच्या तापाच्या साथीने गाव अर्धे ओस पाडले होते. त्याचा थोरला भाऊ आणि भावजय एकाच आठवड्यात गेली होती. पाळण्यात सोपान उरला होता. भावाचे खाचर पेरायला हात नव्हते, म्हणून ते पडून राहिले. त्या पडलेल्या खाचरात कोंडाजीने गावातील उरलेली पोरे गोळा केली आणि चेंडू मधोमध टाकला. त्या साली वडिवळ्यात पोरांचे हसणे प्रथम ऐकू आले ते तेथेच. पुढच्या साली दुसऱ्या एका घराने आपण होऊन खाचर मोकळे सोडले. बस्स, तेव्हापासून ही रीत.

यंदा पाळी फिरून पुन्हा त्याच खाचरावर आली होती.

"ओल उडून चालली," दुसऱ्या दिवशी कोंडाजीची बायको बयाबाई चुलीपुढून म्हणाली. "मसूर टाकायचा असंल तर आजच टाकाया पायजे. खेळाया कुनी येनार न्हाई, मग खाचर कुनासाठी मोकळं ठेवायचं? भुतांसाठी?"

"भुतं तरी येतील. ती मंडळात न्हाईत अजून."

"थट्टा पुरं करा. पोरगं पुण्याला निघालं, आन तुमी बांबू रवत बसा!"

कोंडाजी उठून ओसरीवर आला. तेथे सोपान वहाणेचा तुटका अंगठा शिवत बसला होता. कोंडाजी त्याच्याकडे पाहत उभा राहिला. या मुलाला त्याने खांद्यावरून शेतात नेले होते, आणि बैलांची नावे शिकवण्याआधी चेंडूला पाय लावायला शिकवले होते. त्याला 'जाऊ नको' म्हणण्याचा अधिकार आपला आहे, असे त्याला एक क्षण वाटले. दुसऱ्या क्षणी त्याला वकिलांची मोळी आठवली. दुसऱ्याच्या दोरीला जो नाही म्हणतो, त्याने आपल्या घरी दोर वळू नये.

"खाचर तुज्या बापाचं," तो म्हणाला. "म्हंजे तुजं. पेरायचं का ठेवायचं, ते तू सांग. तू जानार, ते मी धरलंय."

सोपानने दाभण खाली ठेवला. "रागावलाय का, आबा?"

"रागावलोय. पन जा. जाताना बूट घालून मिरवू नगंस, म्हंजे झालं."

सोपान हसला; मग त्याचे डोळे भरून आले, म्हणून त्याने वहाण पुन्हा उचलली.

"पेरू नका," तो खाली मान घालून म्हणाला.

माघातल्या एका दुपारी खाचर सज्ज झाले. गुरांनी जमीन घट्ट तुडवली होती, चारी बांबू उभे होते, आणि बायाबापड्या बांधावर येऊन बसल्या होत्या. कोंडाजीने तिन्ही संघांना नेहमीप्रमाणे निरोप धाडला होता. त्यांतील कोणी आले नाही. सोपान सकाळीच चुलता-चुलतीच्या पाया पडून ताजुद्दीनच्या टांग्यातून कामशेतला गेला होता. ताजुद्दीन त्याला सोडून परत आला होता; संध्याकाळच्या गाडीने सोपान पुण्यास जाणार होता.

"आबा, मानसंच न्हाईत," गेणू नावाचा पोरगेला गडी म्हणाला. "खेळायचं कुनासंग?"

कोंडाजीने चेंडू बगलेत धरून रस्त्याकडे एकवार पाहिले. मग तो खाचराच्या मध्यावर गेला आणि वहाणेच्या टाचेने त्याने जमिनीत एक रेघ ओढली.

"वरची आळी हिकडं," तो मोठ्याने म्हणाला, "आन खालची आळी तिकडं. त्यांनी चाराचा एक केला न्हवं? आपुन एकाचं दोन करू!"

 मग ताजुद्दीनने फेटा उडवला आणि ओरडला, "वरच्या आळीला आज लाथांचा परसाद मिळनार रं!" त्याबरोबर वरच्या आळीच्या बायकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार आरंभला, आणि खेळ सुरू झाला. सासरे सुनांच्या माहेरावर घसरले, मेहुणे मेहुण्यांच्या पायांत अडखळले. रेल्वेच्या चाळीशी खेळताना वडिवळ्याची पोरे इतक्या ईर्षेने कधी खेळली नव्हती.

वरच्या आळीत मात्र एक गडी कमी होता. गेणूने विचारले, "आबा, डाव्या कडंला कुनाला घेऊ?"

"कुनाला बी नगं. ती जागा मोकळी ऱ्हाऊ दे."

दिवस कलला. गेणू चेंडू घेऊन बांबूंच्या अगदी समोर पोचला, आता मारणार, इतक्यात कामशेताच्या बाजूने वाऱ्यावर गाडीची लांब शिट्टी आली.

गेणूचा उचललेला पाय रीतीप्रमाणे खाली आला. चेंडू आपोआप थोडा घरंगळला आणि थांबला.  बांधावर बयाबाईने पदर तोंडाशी धरला. कोंडाजी कामशेताकडे पाठ करून उभा होता. शिट्टी पुरती विरेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"अर्धा झाला," मग तो म्हणाला. "बाजू बदला."

दोन्ही आळ्या एकमेकींना ओलांडून पलीकडे गेल्या. त्यांच्याबरोबर सोपानची जागाही खाचराच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि वरच्या आळीने ती तेथेही मोकळीच ठेवली.