जोडीचे मत

एमेट लिंडग्रेनने घेवड्याच्या सूपची वाटी बाजूला सारली आणि टीव्हीचा आवाज बंद केला. तरी पडद्यावर मरिसा ओचोआ बोलतच राहिली. निळा कोट, ताठ मान, मागे कॅपिटॉलचा घुमट. मुद्दे मात्र सगळे एमेटचे होते. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मंजुरीशिवाय राष्ट्राध्यक्षाला परक्या देशावर हल्ला सुरू करता येणार नाही, हा ठराव त्याने सेनेटमध्ये दोनदा आणला होता आणि दोनदा तो आपटला होता. तेव्हा एकही कॅमेरा इकडे फिरकला नव्हता. आता लढाऊ जहाजे खरोखर निघाली, त्याच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या सैनिकांच्या आयांचेही फोन यायला लागले, आणि काल-परवा सेनेटवर निवडून आलेली ही बाई त्याच ठरावावर आपले नाव घालून बसली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरे काय.

"साहेब, खाऊन घ्या. मतदान जवळ आलंय," बेथ म्हणाली. त्याच्या कचेरीत तिचे केस पांढरे झाले होते. "आणि ओचोआबाईंचा निरोप आहे. भाषणासाठी तुमची दोन मिनिटं राखून ठेवलीत."

"दोन?"

"त्यांना स्वतःलाच पाच मिळालीत."

"मी हे भांडण उकरून काढलं तेव्हा ती शाळेत होती, बेथ."

"कॉलेजात होत्या. सूप गार होतंय."

ती गेल्यावर त्याने दार लावून घेतले आणि केंटकीतल्या हॉस्पिटलात फोन लावला. रॉइस टिल्मनही सेनेटर, पण विरुद्ध पक्षाचा, राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचा, आणि एमेटचा जुना दोस्त. खुब्याचे हाड मोडून तो तिथे पडून होता. तो नसल्यामुळेच ठराव एका मताने तरणार होता. पण सेनेटमध्ये एक जुना रिवाज होता, आता म्हाताऱ्यांनाच आठवणारा. विरोधक अडकून पडला, तर आपण सभागृहात उभे राहून सांगायचे, की मित्र इथे नाही म्हणून मीही मत देत नाही. त्याला जोडी देणे म्हणत. ज्याने ती दिली त्याला कुणी नावे ठेवत नसे. उलट, काय सज्जन माणूस आहे, असेच म्हणत.

"लेका, तू घोड्यावरून पडलास, की घोडा तुझ्यावर पडला?" एमेटने विचारले.

"आधी मी, मग घोडा. बोल."

"आज मी तुला जोडी देतो."

पलीकडे खाट करकरली.

"युद्धाच्या ठरावावर? अरे, मग मतं समसमान होऊन तो पडेल."

"पडला तर पडला. राष्ट्राध्यक्ष तसाही तो फेटाळणारच आहेत."

"फेटाळू देत. पण त्यांना आपल्या हातानं फेटाळावा लागेल, असं तूच सांगत फिरायचास ना?" रॉइसला धाप लागली. "माझी आई गेली तेव्हा मी तुझ्याकडे जोडी मागितली होती. याच ठरावावर. काय म्हणाला होतास?"

एमेट फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला.

"म्हणालास, रॉइस, शेतीच्या बिलावर माग, करांवर माग. पोरांना मरायला पाठवायच्या गोष्टीत जोडी नसते. आईला मूठभर माती देऊन मी तसाच विमानात बसलो. वर्षभर तुझं तोंड पाहिलं नाही मी."

"आठवतंय."

"त्या बाईचं नाव एवढं झोंबतं तुला?"

एमेटने पडद्यावरच्या निळ्या कोटाकडे पाहिले. झोंबत होतेच.

"मला नको तुझी जोडी," रॉइस म्हणाला. "हे मी कुणाला सांगणार नाही. जा आता."

एमेटने आपली दोन मिनिटे घेतली नाहीत. नाव पुकारले गेले तेव्हा तो उठून "हो" म्हणाला. आवाज इतका बारीक आला, की कारकुनाला पुन्हा विचारावे लागले. मग तो मोठ्याने म्हणाला.

ठराव एका मताने मंजूर झाला. ओचोआभोवती गर्दी जमली. माणसांच्या खांद्यांवरून ती कुणाला तरी शोधत होती. तिची नजर आपल्याकडे वळतेय असे दिसताच एमेट मागच्या दाराने बाहेर पडला. उद्याच्या पेपरात फोटो कुणाचा असेल हे त्याला ठाऊक होते.

कचेरीत फोन वाजत होता.

"नर्सबाईंनी माझा टीव्ही बंद केलाय," रॉइस म्हणाला. "किती मतांनी हरलो आम्ही?"

"एका."

"कुणाच्या?"

समोरच्या पडद्यावर निळा कोट पुन्हा आला होता. एमेटने सूपची वाटी जवळ ओढली. वर साय धरली होती.

"तिच्या," तो म्हणाला आणि गारढोण सूप खायला लागला.