अव्वाच्या आठवड्यात

मितवल्लींनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, गुंडाळी होऊ पाहणाऱ्या कडेवर चहाचा पेला ठेवला आणि तांबड्या पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ही पेन्सिल वर्षातून एकदाच बाहेर यायची. थंडी सरत आली, नीलकाठच्या मिन्या शहराच्या गल्ल्यांतून ओल्या हरभऱ्याच्या गाड्या फिरू लागल्या, की मितवल्ली बायकोला घेऊन अलेक्झांड्रियाला जायचा बेत आखायला बसत. बेत दर वर्षी सुरेख व्हायचा. जाणं मात्र व्हायचं नाही.

"यंदा चार दिवस काढू," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तुझ्या भावाकडे, खमीसकडे. मग मुन्तझाची बाग. तिसऱ्या दिवशी अबू कीरला मासे खायला. आणि शेवटी रशीद. आपली नील समुद्राला मिळते ना, ती जागा तुला नीट दाखवतो."

"समुद्राकाठी जन्मलेल्या बाईला तुम्ही समुद्र दाखवणार," इन्शिराह मसूर निवडता निवडता म्हणाली.

"समुद्र नाही गं, नील. समुद्रात काय बघायचंय? पाणी नुसतं."

वरच्या मजल्यावर राहणारी त्यांची मुलगी सौसन पातेलं परत द्यायला आली होती. तिनं बापाच्या खांद्यावरून नकाशात डोकावून पाहिलं.

"बाबा, यंदा आगगाडीनं जाणार की पेन्सिलीनंच?"

"तू हस. मार्चचा शेवटचा आठवडा ठरला."

"शम्म अन-नसीमला, वसंताच्या सणाच्या सुट्टीत जा ना. ऊन असतं, समुद्र शांत असतो, सगळं जग तेव्हाच जातं."

"आणि सगळ्या जगानं सणाला आणलेल्या खारवलेल्या माशांचा वास घेत फिरू? नको बाई. मार्चचा शेवटचा आठवडा."

इन्शिराहचा हात मसुरात थांबला. त्या आठवड्यात अव्वा येते. अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर हिवाळाभर वादळं येतात ती आपापलं नाव लावून येतात, आणि तिथल्या अन्फूशीतल्या, इन्शिराहच्या माहेरच्या कोळीवाड्यातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी ही नावं पाठ होतात. अव्वा सगळ्यांत शेवटची. ती येऊन गेली की समुद्र शहाण्यासारखा वागायला लागतो. पहिल्या वर्षी मितवल्लींनी तो आठवडा धरला, तेव्हा तिला वाटलं, नदीकाठच्या माणसाला काय कळतंय. दर वर्षी त्यांचं बोट तिथेच पडू लागलं, तेव्हा मात्र तिच्या लक्षात आलं की गड्याला सगळं कळतंय. मग रेडिओवर वादळाची बातमी यायची, मितवल्ली तोंड पाडून तिकिटं परत करायला जायचे आणि येताना तिच्यासाठी रव्याची मिठाई घेऊन यायचे. मिठाई चांगली असायची. ती खायची आणि काही बोलायची नाही.

कारण तिला ठाऊक होतं. अन्फूशीची रीतच आहे, पाहुण्याला होडीतून फिरवून आणल्याशिवाय सोडत नाहीत; होणाऱ्या जावयाला तर नाहीच नाही. साखरपुड्याला आलेल्या मितवल्लींना तिच्या भावांनी असंच होडीत घातलं होतं. बंदराची भिंत ओलांडून पहिली मोठी लाट आली आणि हा सहा फुटी, मिशीवाला गडी डोलकाठीला मिठी मारून रडू लागला. खमीसनं त्याच संध्याकाळी हसून लोळत तिला सगळं सांगितलं. तिनं त्याच्याकडून शपथ घेतली की मला हे कळलंय, हे त्यांना कधी कळता कामा नये. खमीसनं शपथ पाळली. मितवल्लींनीही, बहुधा, एक पाळली. त्यानंतर ते अलेक्झांड्रियाला एकदाच गेले, सासऱ्यांच्या मातीला, आणि त्याच दिवशी परतले.

एकटीनं जायला तिला कुणी अडवलं नव्हतं. सौसनला घेऊन ती दोनदा जाऊनही आली होती. पण दार उघडल्या उघडल्या भावजय मागे बघून विचारायची, "आणि ते?" त्याचं उत्तर देता देता जीव नकोसा व्हायचा. आणि आता गेल्याच आठवड्यात खमीसचा फोन आला होता. उन्हाळ्यात तो समुद्रावरचं घर सोडून मुलाकडे राहायला जाणार होता, आत, जिथून पाणी दिसत नाही. ज्या खिडकीत ती लहानाची मोठी झाली, तिथे तिला एकदा, फक्त एकदा, नवऱ्याशेजारी उभं राहायचं होतं. एवढंच हवं होतं, आणि ते फार हवं होतं. हा वसंत गेला की ते कायमचंच राहून जाणार होतं.

"छान आठवडा आहे," ती म्हणाली.

मितवल्लींनी चष्म्यावरून पाहिलं. दर वर्षी ती या ठिकाणी उसासा टाकायची.

"छान?"

"हो. तिकिटं या वेळी मी काढते. सौसन, तुझ्या फोनवर बघ गं. जायची आणि यायची, दोन्ही."

पुढचे दिवस बेताला भलताच रंग चढला. मितवल्लींनी रशीदला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा विचारून आणल्या, अबू कीरमधल्या खानावळीची चौकशी केली, मुन्तझात कुठल्या फाटकानं शिरायचं त्यावर सौसनशी वाद घातला. न होणाऱ्या प्रवासाचा थाट मोठा असतो, तसं चाललं होतं. इन्शिराह मध्ये मध्ये "वा" म्हणायची. रात्री ती खमीसशी हळू आवाजात हवेबद्दल बोलायची.

निघायच्या आदल्या दिवशी मितवल्ली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. इन्शिराह भावासाठी केलेल्या, उन्हात फुगवून भाजलेल्या जाड भाकऱ्या फडक्यात बांधत होती.

"अगं, बातम्या ऐकल्यास? तिकडे वादळ आलंय. बंदरसुद्धा बंद केलंय." आवाजात दुःख होतं, पण चेहरा जरा जास्तच टवटवीत दिसत होता.

"अव्वा आली म्हणायची."

"नशीबच खोटं आपलं. पुढच्या वर्षी बघू..."

"पुढच्या वर्षी त्या घरात कोण असेल कुणास ठाऊक. आणि मला हाच समुद्र हवाय." ती भाकऱ्या बांधतच राहिली. "वादळ आलं की माझे वडील घरी असायचे. एरवी आम्हाला ते दिसायचे ते पाठमोरे, पहाटे निघताना. अव्वा आली की दिवसभर चुलीपाशी बसून मसुराचं सूप ढवळत गोष्टी सांगायचे. लोक वादळ टळावं म्हणून दुआ मागायचे आणि आम्ही पोरी ते यावं म्हणून."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही दर वर्षी नेमका तोच आठवडा काढायचात. मला वाटलं, न सांगताच कळलंय."

इन्शिराहनं फडक्याला गाठ मारली आणि ती वर न पाहता म्हणाली,

"आणि बंदर बंद म्हणजे होड्याही बंद. खमीसची काय, कुणाचीच पाण्यात जायची नाही. कुणी कुणाला फिरवून आणणार नाही."

मितवल्ली स्टुलावर बसले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. इतकी वर्षं कुलूप लावून ठेवलेली कोठी बायकोनं केव्हाच उघडून, झाडून, पुन्हा नीट लावून ठेवली होती.

"खमीस बोलला?" त्यांनी विचारलं.

"बोलण्यासारखं काय आहे त्यात? टॉवेल जास्त घ्या. भिजणार आहोत."

ते उठले, खोलीत गेले. कपाटाचं दार वाजलं, मग काही वाजेना. इन्शिराहनं बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधली.

"माझे जुने बूट कुठे आहेत गं?" आतून आवाज आला. "नवे खाऱ्या पाण्यानं खराब होतील."

तिला खिडकी उघडून अख्खी गल्ली गोळा करावीशी वाटली.

"पलंगाखाली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अलेक्झांड्रियात टॅक्सीवाल्यानं किनाऱ्याच्या रस्त्यावर मध्येच गाडी थांबवली. पुढे रस्त्यावर पाणीच पाणी होतं.

"इथून पुढे मी नाही जायचा, हाजी. माझी गाडी आहे, मासा नाही."

इन्शिराह तोवर उतरलीही होती. वारा तिच्या ओढणीला झोंबत होता. समोरची लाट आधी काळी दिसली, मग हिरवी, मग भिंतीवर आपटून घराएवढी उंच उठली आणि दोघांवर कोसळली. मितवल्ली ओरडले. काय ओरडले ते वाऱ्यात कळलं नाही. पण पाणी ओसरलं तेव्हा ते जागेवर होते, भाकऱ्यांचं गाठोडं डोक्यावर धरून, मिशीतून पाणी गाळत. शेजारी त्यांची बायको पोरीसारखी खिदळत होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिला असं हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं. पुढची लाट येताना दिसली, तेव्हा पळायचं सोडून त्यांनी तिचा हात धरला.

खमीसनं दार उघडलं. भावजय त्याच्या मागून डोकावली, तिनं इन्शिराहच्या मागे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. तोंडावर हात ठेवून ती आत टॉवेल आणायला पळाली.

"दाजी!" खमीस गरजला. "घ्यायला मी स्टेशनवर येणार होतो, तर समुद्रच गेला वाटतं!"

कोरडे कपडे झाले, सुपाचे वाडगे हातात आले. इन्शिराह खिडकीत उभी राहिली. जरा वेळानं मितवल्ली आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. खाली लाटांमागून लाटा भिंतीवर येत होत्या, काच थरथरत होती. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्याचा आनंद तिच्या छातीत मावत नव्हता.

"आलाच आहात तर ऐका, दाजी," खमीस मागून म्हणाला. त्याच्या आवाजात जुना मिस्कीलपणा होता. "तीन-चार दिवसांत शांत होईल हा समुद्र. मग होडी काढतो. अन्फूशीत आलेला जावई तसाच परत जात नाही."

"तोवर आम्ही गेलेले असू," इन्शिराह घाईनं म्हणाली. "परतीची तिकिटं काढलीत."

मितवल्लींनी सुपाचा घोट घेतला. नजर समुद्रावरून काढली नाही.

"गाड्या काय," ते म्हणाले, "रोज असतात."