तिसऱ्या मजल्यावरच्या झिणझिण्या

नवा गिझर भिंतीवर चढून पंधरा मिनिटं झाली होती. बाबांनी मोरीच्या नळाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"हा पण?" मी विचारलं.

"हा पण. कंपनी बदलली, रंग बदलला, झिणझिण्या त्याच."

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत मोरी खोलीतच आहे. तिथला गिझर चौदा वर्षांचा होता. दिवाळीनंतर नळ चावायला लागला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्याच्या वयाला दोष दिला. मीही दिला. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेय आणि एकदाही काही न मोजता निकाल देऊन मोकळी झाले, हे मला नळापेक्षा जास्त चावत होतं. त्यात आज मंगळवार. शुक्रवारी माझी मोठी बहीण प्राचीताई बाळाला घेऊन हॉस्पिटलातून येणार, आणि बाळाची अंघोळ याच मोरीत व्हायची होती.

वायरमन उन्मेष स्टुलावरून उतरला. "माझं काम चोख आहे हां. ही बघ अर्थिंगची हिरवी वायर. पाण्याच्या पाइपला बांधलीय. जुन्याचीही तिथेच होती. आख्ख्या मजल्याची तिथेच आहे."

"आणि पाइप कुठे जातो?"

"जाणार कुठे? जमिनीत."

"चल, बघू या."

"अगं, अजून एक काम आहे मला लोअर परळला."

"दोन मिनिटं."

आम्ही जिने उतरून मागच्या गल्लीत गेलो. लोखंडी पाइप भिंतीवरून खाली आला होता, पण जमिनीपासून हातभर वर संपला होता. तिथून पुढे पांढरं प्लास्टिक. दिवाळीत तळाचा तुकडा गंजून फुटला, तेव्हा चाळ कमिटीने तेवढाच बदलून घेतला होता. त्या दिवशी पाणी लवकर आलं म्हणून आम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या.

उन्मेषने वाकून तो जोड पाहिला. "आयला," तो हळूच म्हणाला.

प्लास्टिकमधून पाणी जातं, वीज जात नाही. पाच खोल्यांचे गिझर ज्या लोखंडाला बांधलेले, त्याचा जमिनीशी संबंधच तुटला होता. एका गिझरमधून विजेची गळती झाली तरी ती आता पाचही नळांत येणार होती. म्हणजे चावणारा गिझर आमचाच असेल असं नव्हतं. आमचा जुना गॅलरीत पडला होता. तो मी मीटरने तपासला. एकदम ठणठणीत.

"म्हणजे चांगला गिझर काढून चांगला गिझर लावला," बाबा म्हणाले. "वा! शिक्षणाचा उपयोग झाला."

बुधवारी सकाळी साडेसहाला, सगळ्यांचं पाणी तापत असताना, मी आमच्या नळाला टेस्टर लावून उभी राहिले. टेस्टरचा दिवा पेटला होता. आमचा मेन स्विच आधीच बंद केला होता. बाबांनी एकेका खोलीत जाऊन दहा-दहा सेकंद मेन स्विच बंद करवला. पहिली खोली, दिवा तसाच. दुसरी, तसाच. तिसरीही. टोकाच्या खोलीला दिवा विझला. मी तिथलं चालू-बंद आणखी दोनदा करवलं. दोन्ही वेळा तेच.

टोकाची खोली जाईबाईंची. सत्तरी ओलांडलेल्या. मजल्यावरचं प्रत्येक बाळ, मला धरून, त्यांनीच न्हाऊ घातलेलं.

"काय गो, सकाळी सकाळी माझो उजेड कित्याक घालवतंस?"

मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

"तुमचो नवो गिझर चावता आणि दोष माझ्या गिझराक? वीस वर्सां झाली, माका तो कधी चावूक नाय."

"आजी, दोष म्हणत नाही मी..."

"मगे काय म्हणतंस? बाळाक न्हाणूक मी येवचंय नाय. बघा दुसरी कोण मिळता ती."

दार बंद झालं. बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "झालं? मिळाला पुरावा?"

पण त्यांचं म्हणणं खोटं नसणार, हेही मला दिसत होतं. खरंच चावला नसेल, तर का नाही? दार बंद होण्याआधी मी त्यांची मोरी पाहिली होती. तिथे लाकडी पाट होता, आणि तोही खाली ठोकळे लावून उंच केलेला. गुडघ्यांसाठी.

मी पुन्हा दार वाजवलं.

"आजी, एकच विचारते. तुम्ही अंघोळ पाटावर बसून करता ना?"

"मगे काय उभ्यान करतलंय?"

"आणि बाळाला न्हाऊ घालताना कशा बसता?"

मजल्यावरच्या सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे. फरशीवर थेट बसून, पाय लांब पसरून, नडग्यांवर बाळ पालथं. एक हात बाळाच्या पाठीवर, दुसरा नळाकडे. सगळीकडे पाणी.

"पाट लाकडाचा, वीज अडवतो," मी म्हणाले. "शुक्रवारी पाट नसणार. तुमच्या हातातून बाळात जाईल."

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"हुशार चेडू," त्या म्हणाल्या. आवाजात राग होताच. "काढ तो गिझर भिंतीवरसून. आत्ताच्या आत्ता. गॅसार पाणी तापवतलंय मी."

गॅसवर त्यांना तापवावं लागलं नाही. एक्स्चेंजचे पैसे देऊन आमचा ठणठणीत जुना गिझर न्यायला दुकानाचा माणूस आला, तेव्हा बाबांनी त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. "तो नाही मिळणार रे, जाईबाईंकडे कामाला लागलाय," असं सांगताना त्यांचा चेहरा मात्र दुखऱ्या दातासारखा होता. गुरुवारी उन्मेषने तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीतून खरी अर्थिंगची वायर तिसऱ्या मजल्यापर्यंत ओढली. पाइपला बांधलेल्या पाचही वायरी मी मोजून सोडवून घेतल्या. प्रत्येक घरात गळती होताच वीज तोडणारा स्विच बसला. आधी कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले होते, कमिटीच्या सभेत विषय घेऊ. मी म्हटलं, सभा शनिवारी आहे, बाळ शुक्रवारी येतंय.

शुक्रवारी दहा वाजता गिझर तापत होता आणि जाईबाई आमच्या मोरीत पाय पसरून बसल्या होत्या. टेस्टर तीनदा लावून पाहिला, दिवा एकदाही लागला नव्हता. तरी मी चप्पल काढून ओल्या फरशीवर उतरले.

"थांबा आजी, आधी मी हात लावते."

"सर गो बाजूक. वायरी तुझ्यो, मोरी माझी."

त्यांनी ओला तळवा नळावर पूर्ण टेकवला आणि तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाळ घ्यायला दुसरा हात प्राचीताईकडे पसरला.

"हाड हयसर बाळाक."